लहान कुत्र्यासाठी अंगणावर जाळी टाकावी की राखण करावी?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत अंगण असलेल्या घरात शिह त्झू, पॉमेरेनियन किंवा चिहुआहुआसारखा लहान कुत्रा पाळणाऱ्यांपुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच. डोक्यावर घारी घिरट्या घालत असतात, तेव्हा अंगणावर जाळी टाकून घ्यावी, की कुत्रा बाहेर असेल तेवढा वेळ घरातील कोणीतरी सोबत थांबावे? जाळी बसवणारे काय सुचवतील हे सांगायला नको. माझ्या मते बहुतेक घरांना सोबत पुरेशी आहे. काही घरांना मात्र जाळी किंवा ग्रिलशिवाय गत्यंतर नाही. आपले घर कोणत्या गटात येते, हे कुत्र्याच्या आणि पक्ष्याच्या वजनावरून बरेचसे ठरते.

आपल्याकडे सर्रास दिसणारी घार पंख पसरल्यावर जवळजवळ दीड मीटरची होते, त्यामुळे ती आहे त्याहून बलवान वाटते. प्रत्यक्षात तिचे वजन ६०० ग्रॅम ते एक किलोच्या दरम्यान असते. शिकारी पक्षी साधारणपणे स्वतःच्या वजनाहून कमी ओझेच उचलून नेऊ शकतात, त्यामुळे पाच किलोचा पॉमेरेनियन घार पळवून नेईल ही भीती निराधार आहे. खाडीकाठी दिसणारी तांबूस-पांढरी ब्राह्मणी घार तिच्याहूनही हलकी असते, आणि शिक्रा तर १००-२०० ग्रॅमचा, सरडे व चिमण्यांवर जगणारा पक्षी आहे. गव्हाणी घुबडाला उंदीर-घुशींपलीकडे रस नसतो. वजनाने खरोखर विचार करावा असे पक्षी दोनच प्रकारचे आहेत: डोंगराळ झाडीत ससे-खारी टिपणारे मोठे गरुड, आणि कडेकपारीत राहून संध्याकाळनंतर बाहेर पडणारे दीड-दोन किलोपर्यंतचे शृंगी घुबड. हे पक्षी वाशीच्या सेक्टरांमध्ये नव्हे, तर येऊर, मानपाडा किंवा खारघरच्या टेकड्यांलगत दिसण्याचा संभव अधिक.

तथापि उचलून नेता येत नाही म्हणजे इजा होत नाही, असे नव्हे. घार झेपावते ती बहुधा खाण्यासाठी. अंगणात ठेवलेल्या वाडग्यातील कोंबडीचे तुकडे तिला दुरून दिसतात, ती खाली येते, आणि त्याच वेळी कुत्रा वाडग्यात तोंड घालून असेल, तर नख्या त्याच्या डोळ्याला किंवा मानेला लागू शकतात. दुसरे कारण घरट्याचे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी घारी उंच झाडांवर व टॉवरवर घरटी करतात आणि पिल्ले असताना जवळून जाणाऱ्या माणसावरसुद्धा झेपावतात. तिथे कुत्रा लहान की मोठा, याला महत्त्व राहत नाही.

सोबत राहण्याचा पर्याय यांपैकी पहिल्या, म्हणजे खाण्याच्या कारणावर थेट उपाय करतो. माणूस दोन-तीन हातांच्या अंतरावर उभा असेल, तर घार सहसा खाली उतरत नाही. जेवणाचा वाडगा घरात ठेवला, तर तिला उतरण्याचे कारणही उरत नाही. यात खर्च शून्य, सोसायटीची परवानगी नको, पावसाळ्यात काही काढा-घाला नको. मर्यादा एकच, पण मोठी आहे: हा उपाय माणसाच्या शिस्तीवर चालतो. दार उघडून कुत्र्याला बाहेर सोडायचे आणि आपण आत चहा घेत बसायचे, याला सोबत म्हणत नाहीत. दोघेही नोकरीला जात असतील आणि कुत्रा दिवसभर अंगणात राहणार असेल, तर हा पर्याय आपल्यासाठी नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. शेजाऱ्यांचाही विचार यात येतो. गच्चीवरून घारींना मटणाचे तुकडे टाकण्याची हौस आपल्या शहरांत अनेकांना असते. अशा गच्चीखालच्या अंगणात सोबतीचा भरवसा कमी होतो.

जाळीची तुलना करताना केवळ ‘जाळी’ म्हणणे पुरेसे नाही. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी अंगणावर आडवी ताणली, की तिचे वागणे बदलते. उभ्या जाळीवर पाने साठत नाहीत. आडव्या जाळीवर मात्र आंब्याची, बदामाची पाने पडून राहतात, पहिल्या पावसात ती जड होतात आणि जाळीला मध्यभागी झोळ पडतो. या झोळात बुलबुल किंवा साळुंकी अडकते. दोरा बारीक आणि पारदर्शक असेल, तर सुटण्याच्या धडपडीत पंख कापला जातो, मांज्याने होते तसेच. म्हणून जाळी घ्यायचीच असेल, तर गाठी मारलेल्या जाड, गडद, सहज दिसणाऱ्या दोऱ्याची घ्यावी, कडेने वायर रोप फिरवून ती ढोलाच्या पानासारखी ताणून बसवावी आणि दोन्ही बाजूंनी थेट कंपाउंडच्या भिंतीपर्यंत खाली आणावी. हा शेवटचा मुद्दा कारागीर हमखास टाळतात, कारण हुक जास्त लागतात. वरून बंद आणि बाजूने उघडे असलेले अंगण सर्वांत वाईट. पक्षी कडेने आत शिरतो, त्याला वर जाता येत नाही आणि तो कुत्र्यासोबत कोंडला जातो. असा पक्षी आढळल्यास हाताने पकडू नये. कुत्र्याला आत घ्यावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

लोखंडी ग्रिलचे छत जाळीपेक्षा बरेच महाग, त्याला दरवर्षी गंजरोधक रंग द्यावा लागतो, आणि कायमस्वरूपी बांधकाम ठरल्यास महापालिकेची किंवा सिडकोची परवानगी लागू शकते. केवळ घारीसाठी एवढा खटाटोप मी सुचवणार नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवर, म्हणजे येऊर आणि घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडील बाजूस राहणाऱ्यांचा प्रश्न मात्र निराळा आहे. तेथे कुत्र्याचा खरा शत्रू बिबट्या आहे. नायलॉनची जाळी त्याला क्षणभरही थोपवत नाही, आणि जाळी असल्याच्या भरवशावर कुत्र्याला रात्री अंगणात ठेवणे तर घातकच आहे. तेथे चारही बाजूंनी व वरून ग्रिल असलेली जागा दिवसासाठी, आणि अंधार पडण्यापूर्वी कुत्रा घरात, हीच व्यवस्था योग्य. ती घुबडावरही आपोआप चालते.

उरलेल्या पर्यायांवर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. चमकत्या पट्ट्या, लटकवलेल्या सीडी आणि प्लास्टिकचे घुबड यांना शहरी घार थोड्याच दिवसांत सरावते. तुर्भ्याच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर डंपरांच्या गराड्यात पोट भरणारा पक्षी सीडीला किती दिवस घाबरणार? हिरवी शेडनेट मात्र उपयुक्त आहे. ती कुत्र्याला वरून दिसू देत नाही आणि मे महिन्यात सावलीही देते, परंतु जूनपूर्वी ती उतरवावी लागते, अन्यथा पाणी साचून फाटते. काटे लावलेले संरक्षक जॅकेट परदेशात विकले जाते. आपल्या दमट हवेत पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला ते घालणे म्हणजे घारीच्या भीतीने उष्माघात ओढवून घेणे होय.

आता निवड. नेरूळ, ऐरोली, वाशी येथील रो-हाऊस किंवा चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधील अंगणाचे घर, आणि कुत्रा चार किलोंहून अधिक वजनाचा असेल, तर जाळीचे पैसे वाचवावेत व सोबत राहावे. पिल्लू दोन किलोंपेक्षा लहान असेल, किंवा कुत्रा म्हातारा व दृष्टी गेलेला असेल, तर संपूर्ण अंगण झाकण्याऐवजी सावलीतील एका कोपऱ्यात वरून बंद असा छोटा कुंपणाचा चौकोन करावा. तो कमी खर्चात होतो आणि पिल्लू वाढल्यावर काढता येतो. कुत्रा दिवसभर एकटाच बाहेर राहणार असेल, तरच पूर्ण जाळीचा विचार करावा. कोणताही पर्याय निवडला आणि तरीही नखी लागलीच, तर जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी केसांखाली खोल असू शकते, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. डोळ्याला लागले असल्यास घरातील थेंब घालू नयेत.

शेजारच्या झाडावर घरटे असल्यास ते पाडण्याचा पर्याय या तुलनेत धरलेला नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि फांदी छाटायची तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अंडी उबवण्यास सुमारे महिना आणि पिल्ले उडेपर्यंत आणखी दीड-दोन महिने, एवढा काळ कुत्र्याला झाडापासून दूरच्या बाजूने, पट्टा लावून, छत्रीखाली बाहेर न्यावे.