लोअर आर्मवरचे पावडर कोटिंग आणि ब्रशने लावलेला एपॉक्सी: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

डाव्या बाजूचा बुश (सांध्यातला रबरी भाग) वाजू लागला म्हणून नुकताच माझ्या गाडीचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा, उतरवला आणि त्यावरचे पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची भुकटी भट्टीत वितळवून बसवलेला थर, मागच्या कडेपासून कांद्याच्या सालीसारखे सुटून आले. वरून पाहता थर काळाभोर व चकचकीत होता, कुठेही तडा दिसत नव्हता. नखाने कड उचलताच मात्र दोन बोटे लांबीची पट्टी निघाली. तिच्या आतल्या बाजूला नारिंगी भुकटी चिकटलेली होती आणि खालच्या पत्र्यावर गंजाचे बारीक धागे कडेकडून आत सरकलेले दिसत होते. दोन पावसाळ्यांत हे घडावे, याचा मला मनापासून राग आला, कारण टिकेल या एकाच कारणासाठी मी साध्या रंगापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले होते.

सस्पेन्शनचे काम काढले तेव्हा दोन्ही लोअर आर्म सुटे केले होते, म्हणून ते नाशिकच्या अंबडमधल्या एका जॉबवर्कवाल्याकडे पावडर कोटिंगला दिले. मागचा अ‍ॅक्सल बीम (मागच्या चाकांना जोडणारा आडवा भाग) आणि पुढचा सब-फ्रेम (इंजिन व सस्पेन्शन पेलणारी चौकट) उतरवण्याची मजुरी परवडणारी नव्हती, म्हणून ते गाडीखालीच साफ करून त्यांवर दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर आणि वर काळा पॉलीयुरेथेन रंग ब्रशने लावला. त्यामुळे एकाच गाडीवर, एकाच चिखलात दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी तपासल्या गेल्या. नाशिक शहरातला पाऊस मध्यम असला तरी इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ज्याला कामानिमित्त कसारा घाटातून आणि घोटी-त्र्यंबकच्या रस्त्याने वरचेवर जावे लागते, त्याच्या गाडीचे खालचे भाग जून ते सप्टेंबर कधी धड सुकतच नाहीत.

माझे सारे लक्ष आता कडांवर खिळले आहे, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते. लोअर आर्म हा दाबून घडवलेल्या पत्र्याचा असतो आणि त्याची कापलेली कड धारदार राहते. पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा पृष्ठताणामुळे ती धारेवरून मागे सरकते. सपाट भागावर ६० ते १०० मायक्रॉनचा भरीव थर बसतो, पण नेमक्या धारेवर तो फारच पातळ उरतो. याच्या उलट अडचण आतल्या कोपऱ्यांत येते. विद्युतभारित पावडर बाहेरच्या भागाकडे ओढली जाते आणि खोल कोनांत पुरेशी पोहोचत नाही. कारखान्यात नवे भाग बुडवून जो इलेक्ट्रोकोट, म्हणजे विजेच्या साहाय्याने बसवलेला रंगाचा थर, देतात तो १५ ते २५ मायक्रॉनचाच असतो, तरीही कोपऱ्यांत तो सगळीकडे पोहोचतो. म्हणून थराची जाडी ऐकून समाधान मानू नये. ज्या कडेवर तो सर्वांत पातळ आहे तिथूनच पाणी आत शिरते.

आर्म घेऊन मी त्या जॉबवर्कवाल्याकडे गेलो. दगड लागून थर फुटला आहे आणि त्याची हमी कोणीच देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना दाखवले की पुढच्या, म्हणजे दगड झेलणाऱ्या कडेवर दोनच टवके आहेत, तर गंज सबंध मागच्या कडेवर आहे, जिथे दगड लागतच नाहीत. त्यावर त्यांचा आवाज उतरला आणि त्यांनी फुकट पुन्हा कोटिंग करून देण्याची तयारी दाखवली. मात्र भट्टीत घालायचे तर रबरी बुश आणि बॉल जॉइंट काढावे लागतात, दाबून काढलेला बुश पुन्हा वापरता येत नाही, आणि सगळे बसवल्यावर व्हील अलाइनमेंटही करावे लागते. फुकटच्या कोटिंगसाठी नवा बुश, प्रेसची मजुरी आणि अलाइनमेंट एवढा भुर्दंड सोसणे मला मान्य नव्हते, म्हणून मी नकार दिला.

इथपर्यंत पावडर कोटिंग सस्पेन्शनसाठी निरुपयोगी आहे, असेच माझे मत झाले होते. नंतर त्याच आर्मचा सपाट भाग चाकूने खरवडून पाहिला, तर थर जराही हलला नाही. चाकूचा ओरखडा उमटला, पण धातू उघडा पडला नाही. चौकशी केल्यावर कळले की भाग सात टाक्यांच्या प्रक्रियेतून, म्हणजे तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटिंग वगैरे करून गेले होते, पण ब्लास्टिंग, म्हणजे कणांचा जोरदार मारा करून धातू साफ व खरखरीत करणे, झालेच नव्हते, कडा घासून गोल केल्या नव्हत्या आणि पावडरीखाली जस्तयुक्त प्रायमरही नव्हता. म्हणजे दोष पावडरीपेक्षा तिच्या खालच्या तयारीचा अधिक होता. ब्लास्टिंग, कडांची घासाई आणि खाली एपॉक्सी जस्त प्रायमर लेखी कबूल करून घेणार असाल, तर सुट्या केलेल्या भागांसाठी पावडर आजही चांगली आहे, असे मी आता म्हणेन. गाडीखाली ऊन लागत नसल्याने तिथे पॉलिएस्टरपेक्षा एपॉक्सी पावडर मागावी. ती उन्हात खडूसारखी पांढरट पडते, पण गंज अधिक चांगला रोखते.

ब्रशच्या कामाविषयी मात्र मी निःसंशय समाधानी आहे. प्रत्येक कड, वेल्डिंगची शिवण आणि भोकाचा काठ यांवर आधी बारीक ब्रशने एक जास्तीचा हात फिरवला आणि तो हाताला चिकटेनासा झाल्यावर पूर्ण थर दिला. जहाजे आणि पूल रंगवणारे हेच करतात. अ‍ॅक्सल बीमच्या कडा आज पूर्ण शाबूत आहेत. खड्ड्यात रुतलेला जुना गंज वायर ब्रशने निघाला नाही, तिथे मात्र दोन-तीन फोड आले. एपॉक्सी गंज खात नाही, तो फक्त झाकतो. हे काम पावसाळ्यात करू नये, आणि निफाडकडचा पारा दहा अंशांखाली जातो त्या दिवसांतही करू नये, कारण एपॉक्सी थंडीत नीट पिकत, म्हणजे कडक होत, नाही. नोव्हेंबरातली दुपार उत्तम. पॉलीयुरेथेनच्या हार्डनरमध्ये (रंग कडक करणाऱ्या घटकात) श्वासाला घातक आयसोसायनेट असते, त्यामुळे ब्रशने लावतानाही हवा खेळती ठेवावी. फवारा मारायचा असेल तर साधा रुमाल अजिबात पुरेसा नाही.

स्प्रिंग कोणत्याही कारणाने आम्लाच्या टाकीत घालू देऊ नका. उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते आणि स्प्रिंग अचानक तुटू शकते. बोल्ट जिथे टेकून बसतो त्या जागेवरही जाड रंग नको. तो दबतो आणि बोल्टचा ताण सैल पडतो. माझ्या आर्मवर तिथे टेप लावली गेली नव्हती, म्हणून बसवताना मेकॅनिकने तेवढा भाग घासून धातूपर्यंत मोकळा केला.

डावा आर्म मी कडेने निघेल तिथवर सोलला, गंज घासून काढला, उरलेल्या थराची धार सॅंडपेपरने उतरती केली आणि शिल्लक डब्यातला एपॉक्सी दोनदा लावला. उजवा आर्म गाडीवरच आहे. त्याची मागची कडही तशीच सुटू लागली आहे, पण ती खालून हाताला येते, त्यामुळे काही न उतरवता तिचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत उरकता येईल.