फोटो ‘की’ मठाचा, नाव ताबोचं, आणि पैसे माझे

लिहायचीही लाज वाटते, कारण मी शाळेत भूगोल शिकवतो. तरी हिमाचलातल्या स्पितीच्या टूरपायी 73,200 रुपये घालवून बसलो.

आम्ही दोघं आणि साडू-मेहुणी. मेचा पहिला आठवडा. मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून काझा, मग ‘की’ आणि ताबोचे मठ, धनकर, लांगझाला होमस्टे, हिक्कीमच्या पोस्टातून घरी पत्रं. माणशी 28,500, एकूण 1,14,000. त्यातले साठ टक्के, म्हणजे 68,400 आधी भरले. वर ‘इनर लाइन परमिट’चे, म्हणजे सीमाभागात जायच्या परवान्याचे, माणशी 1,200, म्हणजे 4,800. भारतीयांना स्पितीत फिरायला परमिट लागतच नाही, हे कळलं घरी परतल्यावर.

मी विचारलं होतं हो, मेमध्ये कुंझुमला बर्फ नसेल का? तर टूरवाला म्हणे, "सर, अटल बोगदा झाल्यापासून रस्ता बारा महिने चालू." पटलं. बोगदा रोहतांग खिंडीच्या पोटातून लाहौलमध्ये निघतो. कुंझुम त्याच्या पुढे, साडेचार हजार मीटरच्या वर, आणि उघडतो जूनच्या आगेमागे. तोवर काझाला जायचं तर शिमला-किन्नौरकडून. दहावीच्या पोरांना नकाशावर खिंडी दाखवणारा माणूस मी!

सगळ्यात बोचतं ते व्हाउचर. फोटो टेकडीवर एकावर एक चढलेल्या पांढऱ्या खोल्यांचा, म्हणजे ‘की’ मठाचा. खाली छापलेलं ‘ताबो मठ, इ.स. 996’. ताबो सपाटीवर आहे, मातीच्या बुटक्या इमारतींचा. मला ते दिसलं. बायकोला दाखवून हसलोसुद्धा. आणि दहा मिनिटांत पिन टाकला. खातं कुणा माणसाच्या वैयक्तिक नावावर होतं, तेही दिसलं. पण आमचा गणपतीचा मूर्तिकारही असेच पैसे घेतो, त्याच्यावर कधी संशय घेतला का? तुम्ही करू नका ही चूक.

मनालीहून सकाळी सहाची गाडी. नऊपर्यंत टूरवाल्याचा फोन नुसता वाजला, मग बंद. स्टँडवरच्या टॅक्सीवाल्याने विचारलं, "कुंझुम? अभी?" आणि चहाचा ग्लास खाली ठेवून हसला.

तिथले पोलीस म्हणाले, पैसे तुमच्या गावाहून गेले, तिकडेच तक्रार द्या. गावचे म्हणाले, घटना हिमाचलची. झिरो एफआयआरचं, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात देता येणाऱ्या तक्रारीचं, नाव काढलं तर साहेब जेवायला उठले. दोन तास बाकावर बसलो. परत आले ते विचारतात, "मास्तर, एवढं शिकलेले तुम्ही, आणि असं कसं?" बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात ना? हो, मीच टाकला! चोर काय घरी येऊन टाकणार होता? ऑनलाइन तक्रारीचा क्रमांक आता तोंडपाठ आहे, पुढे काडी हललेली नाही.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करायचा तर पैसे गेल्या गेल्या करा. मी तिसऱ्या दिवशी केला. होमस्टेचं नाव आधीच मागून घ्या आणि तिथे स्वतः फोन लावा.

परवा साडूच्या मोबाइलवर नव्या नंबरवरून जाहिरात आली, जूनच्या काही सीट शिल्लक. फोटो तोच. खाली अजूनही ‘ताबो’च.