सेकंडहँड कॅम्पर व्हॅन घेताय? आधी ओट्यापाशी उभे राहा (तुर्भ्याला बघितलेल्या गाडीचा रिव्ह्यू)

फोर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधलेली २०१८ ची कॅम्पर, एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई पासिंग, पांढरी म्हणजे खाजगी गाडीची पाटी, मागणी साडेचौदा लाख, तुर्भ्याच्या एका यार्डात उभी आहे. यार्डाचं नाव लिहीत नाही आणि आतलं काम कुणी केलंय त्याचंही लिहीत नाही, गाडी कशी वाटली तेवढंच लिहिते, कारण यूट्यूबवर बघावं तर सगळे बेडवर लायटिंगच्या माळा लावून कॉफी पिताना दिसतात, भांडी घासताना एक माणूस दिसत नाही.

स्टार द्यायचे तर इंजिन आणि चॅसिस ४, झोपायची जागा ४, किचन २. आणि या २ मुळेच आमचं घोडं अडलंय.

इंजिनाचं पटकन सांगते, तो माझ्या नवऱ्याचा प्रांत. ट्रॅव्हलर १९८७ पासून रस्त्यावर आहे, स्कूल बस, ॲम्ब्युलन्स, शिर्डीची टूर, सगळीकडे हीच गाडी, त्यामुळे चिपळूण म्हणा नाहीतर सावंतवाडी, मेकॅनिक आणि पार्ट मिळतातच. २.६ लिटरचं कॉमन रेल डिझेल आहे, बीएस ४. थंड इंजिनावर स्टार्ट करून दाखवा असं आम्ही फोनवरच सांगून ठेवलं होतं आणि गेल्यावर नवऱ्याने बॉनेटला हात लावून बघितला, आधीच चालू करून ठेवली नव्हती, धूर नाही, पारसिक हिलच्या चढावर दम लागला नाही. रनिंग ३८ हजार. टायरवर मात्र ४७१७ कोरलेलं, म्हणजे २०१७ च्या सत्तेचाळिसाव्या आठवड्यातले टायर, नक्षी मस्त शिल्लक आहे पण रबर कडक होऊन बाजूला बारीक चिरा पडल्यात. कॅम्पर वर्षातून दहा महिने उभीच असते, त्यामुळे किलोमीटर कमी बघून खूश होऊ नका, टायर वयाने मरतात. सहाच्या सहा बदलायचे, तो खर्च किमतीत धरा.

आता मुद्दा असा की इंजिन बिघडलं तर दुरुस्त करणारा भेटेल, पण आतलं घर बिघडलं तर कोण करणार? वायरिंगचा नकाशा नाही, पाइप कुठून कुठे गेलाय ते बांधणाऱ्यालाच माहीत आणि तो आता फोन उचलत नाही. ओट्याच्या त्या चार फुटात गॅस, पाणी आणि करंट तिन्ही एकत्र येतात. म्हणून माझं म्हणणं, वेळ घालवायचा तर तिथे घालवा. मी घरून पाच लिटरचा कुकर, लोखंडी कढई, पोळपाट-लाटणं, टॉर्च, मल्टिमीटर आणि साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली घेऊन गेले होते, यार्डवाला म्हणाला, मॅडम पिकनिकला आलात का. म्हटलं हो, चहा मीच करते, तुम्ही बसा.

ओटा फोटोत फार गोड दिसतो, पांढरा, वर लाकडी पट्टी. टेप लावली तर ४८ इंच. त्यात २२ इंच शेगडी, १५ इंच सिंक, उरले ११. पोळपाट कसाबसा बसतो पण लाटणं फिरवलं की कोपर नळाला लागतो, आणि लाटलेली पोळी ठेवायची कुठे तर बेडवर. शेगडी दोन बर्नरची, पण दोन्ही बर्नर इतके जवळ की एकावर कुकर ठेवला तर त्याचा दांडा दुसऱ्या बर्नरवर जातो, म्हणजे कुकर असताना दुसरीकडे फार तर चहाचं पातेलं. सिंक गोल आणि उथळ, कढई तिरकीच राहते आणि घासताना पाणी थेट ओट्याच्या कडेवर. ही कड नीट बघा हं, जुन्या गाडीत सगळी गोष्ट कडेलाच कळते. इथे सिंकच्या मागे लॅमिनेट उचललं गेलंय, नख घातलं तर आतून भुसा आला, म्हणजे आत प्लाय नाहीये, एमडीएफ आहे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड. पाण्याच्या जागी मरीन प्लाय लागतो, आयएस ७१० मार्कवाला, एमडीएफ एकदा फुगला की परत बसत नाही.

ओट्याखाली फ्रिज घातलाय म्हणून ओटा ३६ इंच उंच झालाय. घरचे ओटे साधारण ३२-३३ असतात. माझी उंची पाच-दोन, मला जमलं, पण सासूबाई चार-अकरा, त्यांना कढईत काय चाललंय ते दिसेना. त्या म्हणाल्या, "अगं, इथे फोडणी करायची तर पाट घेऊन उभं राहायला लागेल." आणि चालू शेगडीसमोर पाटावर उभं राहणं म्हणजे काय ते सांगायला नको. फ्रिजचं दार उघडलं की मधला पॅसेज बंद, मागे टॉयलेटला जाणाऱ्याने थांबायचं. वरचे खण कपाळाच्या लेव्हलला, त्यांना गोल कड नाही. शेगडीच्या बरोबर वर जो खण आहे त्याच्या तळाचं लॅमिनेट तपकिरी झालंय, याचा एक फायदा म्हणजे आधीच्या मालकाने इथे खरंच स्वयंपाक केलाय हे कळतं. पण शेगडीला लागून खिडकी आणि खिडकीला सिंथेटिक पडदा! खिडकी उघडली तर वाऱ्याने ज्योत विझते, बंद केली तर पडदा ज्योतीपासून वीतभर. छताला एक्झॉस्ट आहे पण तो बेडवर, त्यामुळे मोहरी-हिंगाचा वास आधी गादीतून जातो मग बाहेर. बांधणाऱ्याने आयुष्यात कधी बोंबील तळलेले नाहीत एवढं नक्की.

खण उघडून त्यात कुकर उभा राहतो का बघितलं, नाही राहत, आडवा ठेवायचा. ड्रॉवरना दाबून लागणारं लॉक आहे ते चांगलं आहे, टेस्ट ड्राइव्हला मुद्दाम भांडी भरून नेली, स्पीड ब्रेकरवर एकही ड्रॉवर उघडला नाही. रिकाम्या गाडीची ट्रायल घेऊ नका, आवाज भांड्यांसकट ऐकायचा असतो.

आता गॅस, आणि इथे माझं डोकं फिरलं. सिलेंडर सिंकखालच्या कपाटात, आणि त्याच कपाटात पलीकडच्या कोपऱ्यात बॅटरी. मध्ये फळीसुद्धा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, खाली साचतो, म्हणून सिलेंडरचा कप्पा आतल्या बाजूने सीलबंद हवा आणि त्याच्या तळाला थेट गाडीखाली उघडणारं भोक हवं. इथे भोक नाही, साचलेला गॅस आणि बॅटरीच्या टर्मिनलची एक ठिणगी, दोन्ही एका खोक्यात. वर कहर म्हणजे गॅस डिटेक्टर लावलाय छताला! तो जमिनीपासून वीतभर उंचीवर लागतो, छतावरचा वाजेपर्यंत गुडघ्यापर्यंत गॅस भरलेला असेल. यार्डवाला म्हणाला, मॅडम इतकी वर्षं काही झालं नाही. यावर काय बोलणार.

रबरी पाइप भगवा सुरक्षा होज आहे पण त्यावर छापलेली तारीख बघितली तर पाच वर्षं उलटून गेलीत. सिलेंडर पाच किलोचा छोटा आहे हे बरंय, तो पेट्रोल पंपावर ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, म्हणजे कोकणात कुठेही संपला तरी सोय. सिलेंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर टेस्टची मुदत असते तीही वाचा, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढचा आकडा वर्षाचा. जोडांवर साबणाचं पाणी मारलं, रेग्युलेटरपाशी काही नाही, शेगडीच्या मागच्या जोडावर बारीक बुडबुडे आले. मी तिथेच नॉब बंद केला आणि चहा राहिला. पाऊण तासाने यार्डवाल्याच्या पोराने क्लॅम्प बदलून आणला तेव्हा कुठे चहा झाला.

पाणी ठीकठाक. टाकी शंभर लिटर, म्हणजे भरली की गाडीत शंभर किलो जास्त, ट्रायल तीही भरून घ्या. टॉर्च मारून टाकीत बघितलं, शेवाळ नाही. पंप चालू करून सगळे नळ बंद केले आणि गप्प बसून ऐकलं, पंपाने थांबायला हवं आणि थांबूनच राहायला हवं, मधूनच टुर्र टुर्र करत असेल तर कुठेतरी गळतंय असं समजा. हा थांबला. मग सिंक काठोकाठ भरून एकदम सोडलं आणि खाली डोकं घालून बघितलं, जोड कोरडे, पण पाइप इतका बारीक की भाताची चार शितं गेली तर तुंबलाच, आणि खाली पाणी अडवणारं वळण नाही म्हणून सांडपाण्याच्या टाकीचा वास सरळ वर. झाकण लावून ठेवा म्हणे. वळणाचा पाइप प्लंबर तासाभरात लावेल, हा काही मोठा प्रॉब्लेम नाही.

करंटचं गणित मात्र स्वतः करा, विकणाऱ्याचं ऐकू नका. "सगळं चालतं मॅडम, इंडक्शन पण चालतं." बॅटरी १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-अवर) ट्युब्युलर, म्हणजे लेड ॲसिडचाच एक प्रकार, म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर, पण लेड ॲसिड निम्मीच वापरायची नाहीतर आयुष्य कमी होतं, उरले ९००. कॉम्प्रेसरचा फ्रिज चालू असताना ५० वॉटच्या आसपास खातो, आपल्या उकाड्यात अर्धा वेळ चालतोच, म्हणजे दिवसाचे ६००. राहिले ३००, त्यात पंखा, दिवे, मोबाइल. दोन हजार वॉटचं इंडक्शन लावलं तर बॅटरीतून पावणेदोनशे अँपिअर ओढायला लागतील, आणि इन्व्हर्टर आहे हजारचा! म्हणजे इंडक्शन फक्त बाहेरून १६ अँपिअरचा प्लग जोडला तरच. माझा मिक्सर ५०० वॉटचा, तो ओल्या खोबऱ्याचं वाटण घेऊन चालवला, चालला, व्होल्टेज १२.६ वरून ११.८ ला उतरलं आणि बंद केल्यावर परत वर आलं, बॅटरी बरी आहे. फ्रिज दुपारी अडीचला पत्रा तापलेला असताना लावायला सांगितला, निघेपर्यंत पाण्याची बाटली गार झाली होती. फ्रिजला पूर्ण मार्क.

ओल शोधायला सगळ्यात बेस्ट महिना जुलै. आम्ही पावसाळ्यात नव्हतो गेलो म्हणून होज पाइपने छतावर दहा मिनिटं पाणी मारायला लावलं, एक्झॉस्टच्या चौकटीतून एक ओघळ आला, सिलिकॉन जुनं झालंय. खिडक्यांचे खालचे कोपरे अंगठ्याने दाबले, टणक आहेत. आत शिरल्या शिरल्या रूम फ्रेशनरचा भपका आला तर मात्र कपाटांच्या मागे नाक घालून वास घ्या. खाली चॅसिसला गंज वरवरचा आहे, मुंबईची खारी हवा म्हटल्यावर तेवढा चालतोच.

कागदपत्रं बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला, कर्जाचा बोजा अजून दिसतोय, म्हणजे बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) आल्याशिवाय फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे) सही करून उपयोग नाही. आरसीवर गाडीचा क्लास कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅरॅव्हॅन असा लिहिलेला हवा, इथे तो आहे, ही या गाडीची सगळ्यात मोठी जमेची बाजू. बऱ्याच गाड्या आरसीवर साधी पॅसेंजर आणि आत बेड-किचन अशा असतात, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही आणि उद्या क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला पहिलं तेच काढणार.

मग घ्यावी का? दोघंच असाल, चहा-मॅगी आणि बाकी धाबा असा हिशोब असेल तर सिलेंडरला वेगळा सील केलेला कप्पा, डिटेक्टर खाली, नवीन होज, छताला सिलिकॉन आणि टायर एवढं करून गाडी छान आहे, चॅसिस अजून बरीच वर्षं काढेल. पण आमच्याकडे सासूबाईंचं पथ्य असतं, दोन वेळचा स्वयंपाक गाडीतच होणार, त्यामुळे आम्हाला ओटा पूर्ण काढून परत बांधावा लागेल, फ्रिज बेडखाली सरकवावा लागेल, खिडकीपासून शेगडी लांब घ्यावी लागेल. आमच्या भांडुपच्या सुताराने फोटो बघून सव्वा लाख सांगितलेत, त्यात गॅसचं काम नाही. आम्ही बारा म्हटलंय, तेही बँकेची एनओसी हातात आल्यावर. मालक सव्वातेरावर अडून बसलाय आणि यार्डवाला दर दोन दिवसांनी फोन करून आणखी एक पार्टी बघून गेली म्हणून सांगतोय. जाऊ दे, बघू दे त्यांना, फक्त जो कुणी जाईल त्याने तो सिलेंडरचा कप्पा आधी उघडून बघा.