टेस्टिंग का डिस्टन्सिंग? दुकान, लग्न आणि घर, कुठं काय परवडतं

पुढची साथ कोरोनाचीच येईल, फ्लूची येईल का अजून कसली ते सोडा, आली की पहिल्या आठवड्यातच परत तोच वाद सुरू होणार. एक जण म्हणणार सगळ्यांच्या टेस्ट करा, दुसरा म्हणणार टेस्ट करून काय होतंय आधी गर्दी मोडा, आणि तिसरा म्हणणार सगळं थोतांड आहे चल चहाला. तिसऱ्याला जाऊ दे चहाला. बाकी दोघांपैकी कुणाचं ऐकायचं हे मात्र कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दुकानदाराला, लग्नघराला, घरात ऐंशीची आजी असणाऱ्याला खरंच ठरवावं लागतं, कारण पैसे मोजकेच असतात आणि दोन्ही गोष्टी फुल्ल करायला कुणालाच जमत नाही.

माझं मत सुरुवातीलाच टाकतो, पटलं तर पुढं वाचा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्या माणसाचं काय करायचं, त्याचा पगार कोण देणार, तो झोपणार कुठं, हे आधी ठरलं असेल तरच टेस्टवर पैसे घाला. ते ठरलं नसेल तर तोच पैसा आणि तेच डोकं जागा मोकळी करण्यात घाला, जास्त उपयोग होतो.

टेस्टची बाजू

१६ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेचे (डब्ल्यूएचओ) प्रमुख टेड्रॉस यांनी सगळ्या देशांना टेस्ट, टेस्ट, टेस्ट असं सांगितलं आणि तेव्हापासून टेस्टवाल्यांचा तो मंत्रच झाला. त्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे दक्षिण कोरिया. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या देगू शहरात साथ भडकली, त्यांनी गाडीत बसल्या बसल्या स्वॅब घ्यायची सोय केली, धडाधड टेस्ट केल्या आणि देशभर टाळं न लावता ती लाट आवरली. हे खरंच आहे, पण आपण त्यातला टेस्टचा आकडा तेवढा लक्षात ठेवतो. प्रत्येक पॉझिटिव्हमागं तो कुठं कुठं फिरला, कुणाला भेटला ते शोधणारी माणसं होती आणि ज्याला घरात बसवलं त्याच्या दारात खाण्यापिण्याचं सामान पोचत होतं, हा भाग कुणी सांगत नाही. आपल्याकडं २०२० मध्ये पॉझिटिव्ह आलं की गल्लीला पत्रे मारायचे आणि शेजारी वरनं बघायचे. मग ताप आला तरी माणूस क्रोसिन खाऊन गप्प बसणार नाहीतर काय.

आता टेस्ट किती भरवशाची ते बघा. स्वॅब लॅबला पाठवून होते ती आरटी-पीसीआर चांगली, पण लागण झाल्यावर पहिले तीन-चार दिवस ती पण बऱ्याच वेळा चुकते, कारण घशात-नाकात व्हायरस तेवढा वाढलेलाच नसतो. वर रिपोर्टची वाट बघायची. सुरुवातीला तर आपले स्वॅब पुण्याला जायचे, नंतर शेंडा पार्कात लॅब झाली तेव्हा जरा सुटका झाली. रेटचं म्हणाल तर मार्च २०२० मध्ये खासगी लॅबला ४५०० रुपयांपर्यंत परवानगी होती आणि डिसेंबर २०२१ पर्यंत राज्य सरकारनं तो कलेक्शन सेंटरला ३५० वर आणला, म्हणजे पैशाचा मुद्दा नंतर बराच गळाला. जागच्या जागी किटवर होणारी अँटीजेन टेस्ट पंधरा-वीस मिनिटात कळते हा तिचा मोठा प्लस पॉइंट. पण जून २०२० मध्ये आयसीएमआरनं (वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची संस्था) जी पहिली किट मान्य केली तिचे त्यांनीच दिलेले आकडे असे होते की खरोखर लागण झालेल्यांपैकी ५०.६ ते ८४ टक्के लोक ती पकडते, आणि ज्याला काही नाही त्याला ९९.३ ते १०० टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह सांगते. म्हणून तर लक्षणं असून अँटीजेन निगेटिव्ह आली तर परत आरटी-पीसीआर करा असा नियम होता, जो पाळणारे किती होते ते तुम्हाला माहीत आहे.

हार्वर्डचे साथरोगतज्ज्ञ मायकल मिना यावर वेगळंच बोलायचे. त्यांचं म्हणणं किट जरा कमी पकडत असली तरी चालेल, स्वस्त असू दे आणि आठवड्यातून दोन-तीनदा करा, कारण माणूस जास्त पसरवायच्या दिवसात असतो तेव्हा अँटीजेन त्याला बहुतेक वेळा पकडतेच. मला हे पटतं, फक्त यात ‘परत परत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकदा केलेली टेस्ट त्या दिवसापुरती. आणि आपल्याकडं काय केलं? एप्रिल २०२१ च्या राज्य सरकारच्या ब्रेक द चेनच्या नियमात लस न घेतलेल्या कामगारांना निगेटिव्ह सर्टिफिकेट सक्तीचं केलं आणि त्याची मुदत ठेवली १५ दिवस! सोमवारी स्वॅब दिला, मंगळवारी कुणीतरी तोंडावर शिंकलं, शनिवारी हा स्वतः पसरवायला लागला तरी खिशातला कागद अजून आठवडाभर व्हॅलिड. पोलिसांना दाखवायला ठीक, व्हायरसला कोण दाखवणार.

युरोपातल्या स्लोव्हाकियानं तर अख्ख्या देशाची टेस्ट करून बघितली. ऑक्टोबर २०२० च्या शेवटच्या वीकेंडला साधारण ३६ लाख लोकांची अँटीजेन झाली, एक टक्क्याच्या आसपास पॉझिटिव्ह निघाले, त्यांना घरात बसवलं आणि आकडे खाली आले पण. टेस्टवाले इथपर्यंतच सांगतात. त्याच वेळी तिथं शाळा-हॉटेलंही बंद होती त्यामुळं श्रेय नक्की कशाचं यावर भांडण राहिलंच आणि डिसेंबर-जानेवारीत तिथं साथ परत जोरात वर आली.

अंतराची बाजू

याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे कोण आजारी आहे हे कळायची गरजच नाही. ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस पसरवत असतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो, अशा वेळी पण अंतर काम करतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात प्लेग आला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहायचे, तेव्हा कुठली लॅब होती?

पण अंतर म्हणजे आपण काय समजलो, तर दुकानापुढं पांढऱ्या रंगानं आखलेले गोल. सहा फुटाचा हिशोब मोठे थेंब लांब जात नाहीत यावर उभा होता. हवेतनं पसरतो म्हटल्यावर बंद खोलीत सहा फूट काय नि दहा फूट काय. १० मार्च २०२० ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट भागात एका गाण्याच्या ग्रुपची अडीच तास प्रॅक्टिस झाली, ६१ लोक होते, त्यातले ५३ आजारी पडले (काही पक्के, काही संशयित) आणि दोघं गेले. एकच माणूस लक्षणं घेऊन आला होता म्हणे. जपाननं हे लवकर ओळखलं आणि लोकांना फुटपट्टी न देता तीन गोष्टी टाळा म्हणून सांगितलं, बंद जागा, गर्दी आणि जवळ तोंड करून बोलणं. डब्ल्यूएचओला बंद खोलीतल्या हवेचा मुद्दा स्पष्ट लिहायला २०२१ उजाडलं.

म्हणजे अंतर मोजायचं तर जागा किती बंद, माणसं किती आणि वेळ किती असं तिन्ही मोजा. कोल्हापुरात यात एक लोकल घोळ आहे, जुलैमध्ये खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे आत पंचगंगा येते, त्यामुळं ज्या दिवसात हवा खेळती पाहिजे नेमक्या त्याच दिवसात आपण दारं-खिडक्या लावून भजी तळत बसतो.

आणि अंतराची किंमत सगळ्यांना सारखी नसते हे अंतरवाल्यांनी कबूल केलं पाहिजे. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला अंतर फुकट, कपिलतीर्थ मार्केटात भाजी विकणाऱ्या मावशीला त्याची किंमत म्हणजे त्या दिवसाची चूल. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत घरनं काम कसं करणार? धारावीत तर अंतर हा शब्दच चालला नाही, एकेका खोलीत सात-आठ माणसं, संडास सामायिक. तिथं २०२० मध्ये ताप तपासायला दारोदार जाणं, लगेच टेस्ट आणि संशयिताला घरातनं उचलून शाळेत-हॉलमध्ये नेऊन ठेवणं हे चाललं. म्हणजे जिथं अंतर जमत नाही तिथं टेस्ट जास्त लागते, पण तिच्या मागं कॉट आणि जेवण तयार पाहिजे.

२०२१ चा आपला घोळ

हे मुद्दाम सांगतो कारण परत तसंच होणार. ४ जून २०२१ ला राज्यानं पाच लेव्हल काढल्या, पॉझिटिव्हिटी रेट (शंभर टेस्टमागं किती पॉझिटिव्ह) आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत यावर जिल्ह्याची लेव्हल ठरणार. रेट १० ते २० टक्के किंवा बेड ६० टक्क्यांच्या वर भरले की चौथी, पाचवी सगळ्यात कडक. बाकीचे जिल्हे उघडत होते आणि कोल्हापूर चौथ्यात अडकलं, महाद्वार रोडची कापडाची दुकानं बंद, गुजरीतली सराफी दुकानं बंद, व्यापारी जुलैमध्ये आता उघडणारच म्हणून पेटले होते, आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही, भाडं आणि कामगारांचा पगार तर चालूच होता.

पण मग कट्ट्याकट्ट्यावर नवीन गणित सुरू झालं की टेस्ट वाढवा म्हणजे रेट खाली येईल. येईल की! ताप-खोकल्याची शंभर माणसं तपासली तर वीस निघतील आणि मार्केटातली धडधाकट शंभर तपासली तर दोन, गाव तेच नि व्हायरस पण तोच. रेट कुणाला रांगेत उभं केलं यावर हलतो. डब्ल्यूएचओचा ५ टक्क्यांचा निकष सुद्धा टेस्ट पुरेशा होत असतील तरच धरायचा होता, तो आपण नुसती शटरची किल्ली करून टाकला. आजारी शोधायला टेस्ट आणि कुलूप काढायला टेस्ट या दोन्हीत फरक आहे, आणि ज्याच्या टेस्टवर सगळ्या बाजारपेठेचं शटर अवलंबून आहे तो आजारी असला तरी टेस्टला जायला बिचकणारच.

मग तुम्ही काय करायचं

दुकान असेल आणि सहा कामगार असतील तर आठवड्याला दोनदा किट म्हणजे महिन्याला ४८ किट. पुण्याच्या मायलॅबची पहिली घरी करायची किट मे २०२१ मध्ये मान्य झाली तेव्हा भाव २५० होता, त्या भावानं १२,००० रुपये होतात. शिवाय पॉझिटिव्ह निघालेल्याला आठवडाभर भरपगारी घरी बसवायचं (जानेवारी २०२२ मध्ये होम आयसोलेशन ७ दिवसांवर आलं होतं). पगार कापणार असाल तर किट आणूच नका, तिसऱ्या दिवशी पोरं घरनंच निगेटिव्ह म्हणून सांगायला लागतील. त्यापेक्षा गिऱ्हाईक बाहेर काउंटरवर घ्या, १० बाय १२ च्या गाळ्यात एका वेळी दोघंच आत घ्या, एक्झॉस्ट फॅन बसवा, एकदाच खर्च. पैसे आणि मन दोन्ही मोठं असेल तर दोन्ही करा, पण आधी फॅन.

लग्न असेल तर माझ्या मते टेस्ट जवळजवळ वायाच. धरून चाला २०० पाहुणे आणि त्यात चौघांना लागण. दारात अँटीजेन केली तर त्या चौघातले एक-दोन निसटून आत जाणार आणि एखादा चांगला माणूस उगाच परत जाणार, तो नेमका नवऱ्या मुलाचा मामा निघाला तर आयुष्यभर ऐकून घ्यायचं. खर्च ५०,०००, म्हणजे एप्रिल २०२१ मध्ये २५ माणसं आणि दोन तासांचा नियम मोडला तर जेवढा दंड होता बरोबर तेवढाच, काय योगायोग. तो दोन तासांचा नियम सगळ्यांनी चेष्टेवर नेला पण माणसं कमी, वेळ कमी हा हिशोब त्यात बरोबर होता. एसी हॉल कॅन्सल करून लॉन घ्या, पंगत उघड्यावर, आणि बँजो लांब लावा म्हणजे लोकांना कानाजवळ येऊन ओरडावं लागणार नाही. फक्त ज्या पाच-सहा जणांना दिवसभर नवरा-नवरीच्या आजीजवळ बसायचंय त्यांची त्याच दिवशी सकाळी टेस्ट करा, ती वाया जात नाही.

शाळा-क्लासला खिडक्या, आजारी पोराला घरी ठेवायची मोकळीक आणि हजेरीचं बक्षीस बंद, बास.

घरात म्हातारं किंवा डायलिसिस, केमोवालं माणूस असेल तर उलटं. इथं टेस्ट लगेच करा, घशात खवखवलं तरी करा, कारण इथं रिपोर्टनं निर्णय खरंच बदलतो, कोण कुठल्या खोलीत झोपणार, डॉक्टरांना आज फोन करायचा का उद्या, औषध वेळेत सुरू होणार का नाही. १० जानेवारी २०२२ च्या सूचनेत आयसीएमआरनं पण हाच रस्ता धरला होता, लक्षणं नसलेल्या प्रत्येक संपर्कातल्या माणसाची टेस्ट नको, वय किंवा जुना आजार असेल तर करा. पेठेतल्या जुन्या घरात दुसरी खोलीच नसेल तर लागण झालेल्याला कुठं हलवायचं, काकाकडं, मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर, गावाकडच्या घरी, ते आजच बोलून ठेवा. पहिली अँटीजेन निगेटिव्ह आली आणि लक्षणं असतील तर आजीपासून लांबच राहायचं आणि आरटी-पीसीआर करायची.

किट आणणार असाल तर एक्सपायरी बघून आणा आणि उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, तीस डिग्रीच्या आत ठेवायची असते. रिझल्ट पंधरा मिनिटांनी बघायचा. वीस मिनिटांनंतर पुसटशी रेघ उमटली म्हणून घरभर दंगा करायचा नाही, तो रिझल्ट धरत नाहीत, नवीन किट काढायची.