दोउरोच्या खोऱ्यातील एक दिवसाची सहल

एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांच्यामध्ये द्राक्षबागाईतदाराला जी थोडी उसंत मिळते, तिच्यात मी आणि माझी पत्नी जालन्याहून पोर्तुगालमधील पोर्तो येथे जाऊन आलो. हे शहर दोउरो नदी अटलांटिकला मिळते तिथे वसले आहे, आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला, ज्याच्या सीमा १७५६ सालीच आखल्या गेल्या, असा वाइनचा मुलूख आहे. तो पाहण्यासाठी आम्ही एका स्थानिक कंपनीची आठ आसनी गाडीतील सहल घेतली; हा अभिप्राय तिच्याविषयी आहे.

गाडी वेळेवर आली, गाइड अदबीने बोलणारा होता. तक्रार आहे ती वेळापत्रकाविषयी. दोन ठिकाणच्या चवचाचणीत आणि त्यानंतरच्या बाटलीविक्रीत तीन तास गेले. बागेत उभे राहायला मिळाली ती पंधरा मिनिटे, आणि तीही मी हट्ट धरला म्हणून. आगाऊ कळवूनही शाकाहारी जेवण म्हणून उकडलेले बटाटे आणि पालापाचोळाच पुढे आला.

त्या पंधरा मिनिटांनी मात्र पैसे वसूल केले. डोंगरउतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या आणि त्यांवर जेमतेम छातीपर्यंत येणाऱ्या वेली. आपल्यासारखा मांडव कुठेच नाही. गाइडने शिस्ट या थराथरांच्या खडकाचा एक दगड उचलून नखाने उकलला, तेव्हा पाटीसारखे पापुद्रे सुटले. जमिनीत हे थर उभे असल्यामुळे पाणी भेगांतून खोल उतरते आणि मुळे त्याच्या मागोमाग जातात, म्हणून उन्हाळा कडक असूनही आम्ही पाहिलेल्या जुन्या बागेत ठिबकची नळी नव्हती. मे महिन्यात शेततळ्यात किती पाणी उरले हे रोज वाकून पाहणारा मी, तिथे बराच वेळ गप्प उभा होतो. हिवाळ्यात वेल पानगळ होऊन झोपते, त्यामुळे मुख्य छाटणी एकदाच. पत्नीने एक घड उचलून पाहिला: मणी आपल्या थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षापेक्षा बारीक, साल जाड, आत बिया. ‘‘हा माल आपल्याकडे बेदाण्यालाही कोणी घेतला नसता,’’ ती म्हणाली. वाइनला रंग त्या जाड सालीतूनच येतो, हे मी तिला नंतर गाडीत सांगितले.

इथली पोर्ट वाइन करताना रस पुरता आंबण्याआधीच त्यात द्राक्षापासून गाळलेले कडक मद्य ओततात, त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि मद्यांश १९ ते २० टक्क्यांवर जातो. गोड लागते म्हणून सरबतासारखी पिऊ नये. आमच्या गाडीतील एका गृहस्थांना परतीचा रस्ता आठवत नसावा.

पुन्हा गेलो तर सहल घेणार नाही. पोर्तोच्या साओ बेंतो स्थानकातून याच खोऱ्यातील पिन्यांव गावी रेल्वेने सुमारे अडीच तासांत पोहोचता येते, आणि वाइन मुरवण्याची कोठारे पोर्तोसमोरच्या गाया गावात, पूल ओलांडून पायी गाठता येतात. पिन्यांवच्या रेल्वेत चढताना उजव्या हाताची खिडकी धरावी. नदी त्याच बाजूला येते.