होम अलोनचा साउंडट्रॅक अल्बम: डिसेंबर ते ऑगस्ट ऐकून झाल्यावर

आधीच सांगते, हा पिक्चरचा रिव्ह्यू नाही. होम अलोन बघितलाच नाही असा माणूस आमच्या वयाच्या लोकांत सापडणं अवघड, केबलवर लागला की घरातले सगळे बसायचे आणि गालांवर हात ठेवून किंचाळणारं ते पोरगं वर्गात प्रत्येकाला करून दाखवता यायचं. मी लिहितेय ते त्याच्या म्युझिकच्या अल्बमबद्दल. जॉन विल्यम्सचा, १९९० सालचा मूळ अल्बम, तासाला थोडा कमी. मागच्या नाताळाच्या आधी जुन्या सीडीच्या दुकानात मिळाला, आणि आता ऑगस्ट चालू आहे तरी गाडीतून बाहेर निघालेला नाही, म्हणून म्हटलं नीट लिहूनच टाकावं.

आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो, म्हणजे पिक्चर जिथे घडतो आणि जिथे शूट झाला त्याच भागात. ते लाल विटांचं घर विनेटका गावात आहे, आमच्यापासून गाडीने फार लांब नाही. लोकांचं राहतं घर आहे त्यामुळे फुटपाथवरून बघायचं आणि निघायचं. चर्च मात्र दोन आहेत, बाहेरून दिसतं ते विल्मेटचं आणि आतलं शूटिंग ओक पार्कच्या एका एपिस्कोपल चर्चमधलं. हे सांगण्याचं कारण, इथल्या जानेवारीत संध्याकाळी साडेचारला अंधार पडतो, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, बर्फामुळे आवाजसुद्धा दबल्यासारखे होतात, आणि तेव्हा हा अल्बम लावला ना की कळतं की विल्यम्सने नेमकं काय पकडलंय. भारतात बघताना मला त्यातली फक्त मजा दिसायची.

आता मुद्द्याचं. पिक्चर कॉमेडी आहे, घरचे सगळे सुट्टीवर निघून जातात, केव्हिन नावाचा मुलगा चुकून घरी एकटाच राहतो आणि चोरांशी लढतो, चोरांच्या डोक्यावर इस्त्री पडते, पायाखाली काचेचे बॉल फुटतात, सगळं आहे. पण तुम्ही चित्र बाजूला काढून नुसतं म्युझिक ऐका, विनोद बहुतेक सगळा पडद्यावर राहतो. म्युझिक त्या आठ वर्षांच्या पोराला पूर्ण सिरियसली घेतं. त्याची भीती ही खरी भीती, त्याचा एकटेपणा हा खरा एकटेपणा, आणि आई परत येणं ही जगातली सगळ्यात मोठी गोष्ट. मोठ्या माणसांच्या एखाद्या गंभीर सिनेमाला जेवढा ऑर्केस्ट्रा आणि जेवढी मेहनत लागेल तेवढी इथे एका लहान मुलासाठी घातलीय. इतके महिने ऐकून मला हा अल्बम आवडतो तो ह्याच एका कारणासाठी, बाकीचं सगळं त्याच्या खाली येतं.

पहिला ट्रॅक मेन टायटल, पाच मिनिटांच्या आतबाहेर. पिक्चरमधल्या 'समव्हेअर इन माय मेमरी' ह्या गाण्याची चाल इथे वाद्यांवर येते. ह्यात जो चमचमता, किणकिणता आवाज आहे तो सेलेस्टा नावाच्या वाद्याचा. बाहेरून छोट्या पियानोसारखं दिसतं पण आत तारा नसतात, धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यावर हातोड्या पडतात. पॅरिसमध्ये १८८६ साली बनलं, आणि चायकोव्स्कीने नटक्रॅकर बॅलेमध्ये वापरल्यापासून ह्या आवाजाचं नाताळाशी आणि जादूशी जे नातं जुळलं ते कायमचंच. विल्यम्सला ते पक्कं माहीत आहे. पुढचा 'हॉलिडे फ्लाइट' ऐका, घरातले सगळे उशिरा उठतात आणि बॅगा घेऊन पळापळ होते तो प्रसंग, एका मिनिटाचाही नाही, आणि सरळसरळ नटक्रॅकरमधल्या रशियन नाचाच्या ढंगाचा आहे. नक्कल वाटत नाही, त्या जुन्या म्युझिकला केलेला नमस्कार वाटतो. बाय द वे, ह्याच दिग्दर्शकाने, म्हणजे क्रिस कोलंबसने, अकरा वर्षांनी पहिला हॅरी पॉटर केला, संगीतकार तोच, आणि तिथेही सुरुवातीला सेलेस्टाच. माझ्या मुलाने हे स्वतःहून ओळखलं, मागच्या सीटवरून म्हणाला, "आई, हे हॅरी पॉटरचं भावंड आहे." बरोबर आहे त्याचं.

मजा म्हणजे विल्यम्स हे आधी करणारच नव्हता. ब्रूस ब्रॉटन नावाचा संगीतकार ठरलेला होता, सुरुवातीच्या पोस्टरवर त्याचं नावही होतं, पण तो दुसऱ्या कामात अडकला आणि हे काम विल्यम्सकडे आलं. जॉज, स्टार वॉर्स, ईटी करून बसलेला माणूस, त्याने हे हलकंफुलकं काम समजून उरकलं असतं तरी कोणी काही बोललं नसतं.

मधले ट्रॅक पटकन सांगते. 'द हाउस', 'मॅन ऑफ द हाउस', 'स्कॅम्ड बाय अ किंडरगार्टनर', 'फॉलो दॅट किड' हे चारही चांगले आहेत पण चित्राशिवाय ऐकताना लक्ष इकडेतिकडे जातं, कारण म्युझिक दर काही सेकंदांनी प्रसंगाबरोबर वळतं. स्वयंपाक करताना लावायला ठीक. 'अटॅक ऑन द हाउस' हा सगळ्यात लांब, जवळपास सात मिनिटं, सकाळी ऑफिसला जाताना मी तो सरळ पुढे ढकलते, ट्रॅफिकमध्ये ते पितळी वाद्यांचं धावणं नको वाटतं. मुलगा मात्र तोच परत परत लावायला सांगतो, कुठे कोणता चोर आपटतो ते त्याला आवाजावरून पाठ आहे.

'सेटिंग द ट्रॅप' वर मात्र थांबायला पाहिजे. चर्चमध्ये मुलांचं क्वायर गात असतं, केव्हिन त्या म्हाताऱ्या शेजाऱ्याशी बोलतो, मग घंटा होतात आणि तो घराकडे पळत सुटतो. तिथे 'कॅरल ऑफ द बेल्स' येतं, आणि त्यानंतर हे सापळे लावण्याचं म्युझिक. 'कॅरल ऑफ द बेल्स' हे सगळ्यांना अमेरिकन नाताळचं गाणं वाटतं पण ते मूळ युक्रेनचं. मिकोला लिओंतोविच नावाच्या संगीतकाराने लोकगीताच्या चार सुरांवर बांधलेलं, १९१६ मध्ये कीवमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं, आणि मूळ शब्दांत नाताळ नाहीच. ते नव्या वर्षाचं गाणं आहे, एक पाकोळी उडत अंगणात येते आणि घरधन्याला सांगते की बाहेर ये, बघ, तुझ्या मेंढ्यांना कोकरं झालीत, यंदा बरकत आहे. इंग्रजी शब्द आणि घंटा १९३६ मध्ये आल्या. लिओंतोविचला १९२१ मध्ये, वडिलांच्या घरी असताना, गोळी घालून मारलं, त्याने ह्यातलं काहीच बघितलं नाही.

ह्या उन्हाळ्यात सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या, गाडीत हाच अल्बम चालू असायचा. त्यांनी पिक्चर बघितलेला नाही, इंग्रजी गाण्यांशी संबंध नाही. हे पाकोळीचं सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे आपल्या वासुदेवासारखंच की गं. दारात यायचं आणि घराचं भलं चिंतायचं." मला हे इतकं पटलं की आता ते गाणं लागलं की मला तेच आठवतं. आणि पिक्चरमध्येही ते बरोबर त्याच जागी बसलंय बघा, पोराला पहिल्यांदा वाटतं की हे माझं घर आहे आणि ते मीच सांभाळायचंय, तेव्हाच ते वाजतं. हे ठरवून केलं का मला सांगता येणार नाही, पण बसलंय.

दुसरी चार सुरांची गोष्ट म्हणजे त्या शेजाऱ्याची, ओल्ड मॅन मार्लीची. मुलांना वाटतं तो खुनी आहे, फावडं घेऊन रस्त्यावर मीठ टाकत फिरतो. त्याच्यासाठी विल्यम्सने 'डिएस इरे' ची चाल घेतलीय, मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेतलं मध्ययुगीन स्तोत्र, शेकडो वर्षं संगीतकार मरण दाखवायला ह्याच सुरांचा आधार घेत आलेत. लहान मुलांच्या पिक्चरमध्ये एका एकट्या म्हाताऱ्याला ही चाल देणं म्हणजे पोराच्या डोक्यातली भीती त्याच्याच उंचीवर बसून ऐकणं. नंतर कळतं की म्हातारा स्वतःच मुलाशी भांडण झाल्यामुळे एकटा आहे आणि नातीचं गाणं ऐकायला चर्चमध्ये चोरून येतो.

चर्चमधलं 'स्टार ऑफ बेथलेहेम' ऐकून बऱ्याच जणांना ते जुनं पारंपरिक कॅरल वाटतं. नाही, ते पण विल्यम्सनेच ह्या पिक्चरसाठी केलंय, शब्द लेस्ली ब्रिकसचे. अल्बममध्ये दोनदा आहे, एकदा नुसत्या ऑर्केस्ट्रावर, एकदा क्वायरमध्ये. क्वायरवालं ऐका. त्याच्या दोन ट्रॅक आधी 'ओ होली नाइट' आहे, ते खरंच जुनं, फ्रेंच, १८४७ चं, आणि दोन्ही इतक्या जवळ ठेवूनही नवं गाणं उपरं वाटत नाही.

आता तक्रारी, कारण आहेत. एक, ज्या गाण्यासाठी लोक हा अल्बम घेतात ते 'समव्हेअर इन माय मेमरी' शब्दांसकट स्वतंत्र ट्रॅक म्हणून फक्त एक मिनिट आणि चार सेकंद आहे. मुलांच्या आवाजात, खिडकीतल्या मेणबत्त्या, छतावर हलणाऱ्या सावल्या, घरातले सगळे जवळ, आणि आपण जरा स्थिरावतोय तोवर संपतं. ऑस्करला नॉमिनेशन मिळालेलं गाणं आहे हे, म्युझिकला वेगळं नॉमिनेशन होतं, बक्षीस दोन्हीकडे दुसऱ्यांना गेलं. तर अशा गाण्याला निदान तीन मिनिटं द्यायची की.

दोन, पिक्चरमधली दोन फेमस गाणी इथे नाहीत. विमानतळावर सगळे पळतात तेव्हाचं चक बेरीचं आणि पुतळ्यांची खोटी पार्टी चालते तेव्हाचं ब्रेंडा ली चं. आईला ट्रकमधून घरी आणणाऱ्या त्या पोल्का बँडचंही काही नाही. आरशासमोर कंगवा धरून केव्हिन ज्यावर ओठ हलवतो ते ड्रिफ्टर्सचं 'व्हाइट ख्रिसमस' मात्र अल्बममध्ये आहे, आणि साउथसाइड जॉनीचं एक आहे. गाणी स्वतः मस्त, पण ऑर्केस्ट्राच्या मध्येच ती येतात तेव्हा आवाज एकदम पुढे येतो. हायवेवर सेलेस्टा ऐकू यावा म्हणून व्हॉल्यूम वाढवलेला असतो आणि तेवढ्यात हे सुरू होतं, दचकायला होतं. मी फोनवर वेगळी लिस्ट केलीय, त्यात ही दोन गाणी शेवटी टाकलीत, तेव्हापासून त्रास नाही. गाडीत एकूणच हळू जागा हरवतात, हा अल्बम घरी किंवा हेडफोनवरच ऐकायचा.

आणि 'मॉम रिटर्न्स अँड फिनाले'. सव्वाचार मिनिटं. नाताळची सकाळ, पोरगं उठून आईला हाका मारत खाली येतं, घरात कोणी नाही. मग दार उघडतं. इथे विल्यम्स काय करतो तर काहीच घाई करत नाही. तीच चाल, पहिल्या ट्रॅकपासून आपल्या कानात असलेली, पण इतकी हळू की प्रत्येक सुराला श्वास घ्यायला जागा आहे, जणू दोघांपैकी आधी कोणी बोलायचं हे ठरायचंय. ऑर्केस्ट्रा मोठा होतो तो आई भेटते तेव्हा नव्हे, थोडं नंतर, केव्हिन खिडकीतून बघतो की समोर म्हातारा आपल्या मुलाला आणि नातीला जवळ घेतोय, तेव्हा. म्हणजे सगळ्यात मोठा आनंद पोराच्या स्वतःच्या वाट्याचा नाही, शेजाऱ्याच्या वाट्याचा. हे पिक्चर बघताना माझ्या लक्षात आलं नव्हतं, चित्राशिवाय ऐकताना आलं. सासूबाईंना ह्या ट्रॅकची गोष्ट सांगितली नव्हती, तरी त्या म्हणाल्या, "हे कुणीतरी घरी आल्यावरचं आहे." त्यांच्या परतीच्या फ्लाइटच्या दिवशी ओहेअरला सोडून येताना मी हा लावला नाही, जमलं नसतं.

घ्यायचा कुणी? नुसती नाताळच्या पार्टीत वाजवायला गाणी हवी असतील तर हा तुमचा अल्बम नाही, त्यासाठी कुठलीही तयार लिस्ट चालेल. पियानो, व्हायोलिन शिकणारी मुलं घरात असतील तर नक्की घ्या, चाल सोपी आहे आणि मुलं ती पटकन वाजवायला बघतात. जास्त खोलात जायचं असेल तर २०१० मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्यात, पण त्या मर्यादित प्रती होत्या आणि आता सेकंडहँडला महाग पडतात, पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तिकडे जायची गरज नाही. स्ट्रीमिंगवर आधी पहिला ट्रॅक, मग क्वायरवालं 'स्टार ऑफ बेथलेहेम', मग 'मॉम रिटर्न्स', एवढे तीन ऐका. आवडले तर सीडी शोधा, मला तरी जुनी अगदी किरकोळ पैशात मिळाली.