उद्यमनगरातील लेथवर घडलेली धावनपिचकारी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहानशा लेथ कारखान्याकडून मी दोन कामे करून घेतली. पहिले काम नवे होते. सतराव्या-अठराव्या शतकातील शल्यविशारद जखम, कान किंवा मूत्राशय धुण्यासाठी ज्या घडणीची धावनपिचकारी (धावन म्हणजे धुणे) वापरत, त्या घडणीची पितळी प्रतिकृती मला हवी होती. दुसरे काम दुरुस्तीचे होते. एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या सामानातून माझ्याकडे आलेली, निकेलचा मुलामा दिलेली, तीन कड्यांची कान धुण्याची पिचकारी दट्ट्या अडकल्यामुळे निकामी झाली होती. दोन्ही वस्तू वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या हातात द्यायच्या असल्यामुळे त्या कशा दिसतात यापेक्षा त्या पाणी कसे ओढतात, कसे धरून ठेवतात आणि कसे सोडतात, हाच माझ्या दृष्टीने परीक्षणाचा मुद्दा होता आणि हे परीक्षणही त्याच अंगाने लिहिले आहे.

प्रथम नळकांडे. ते मी 30 मिलिमीटर आतील व्यासाचे आणि दट्ट्याला 14 सेंटिमीटर चाल मिळेल असे सांगितले होते, म्हणजे एका भरणीत सुमारे 100 मिलिलिटर पाणी मावते. हे माप उगीच निवडलेले नाही. अंगठ्याने साधारण दोन किलोचा जोर लावला, तर एवढ्या व्यासाच्या नळकांड्यात दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम पाव किलोहून थोडा अधिक दाब तयार होतो. व्यास निम्मा केला, तर तोच अंगठा चौपट दाब निर्माण करतो. धुण्याच्या पिचकाऱ्या पहिल्यापासून जाडजूड का राहिल्या आणि औषध टोचण्याच्या पिचकाऱ्या सडपातळ का झाल्या, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. धुण्यासाठी पाणी भरपूर हवे, पण त्याचा मारा ऊती फाडणारा नको.

जुन्या काळी असे नळकांडे बहुधा कथिलाच्या मिश्रधातूचे ओतून किंवा पितळी पत्रा वळवून आणि सांध्यावर झाळून करीत. 1545 साली बुडालेल्या आणि 1982 साली समुद्रातून वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्रज युद्धनौकेवर शल्यविशारदाच्या सामानात मूत्रमार्गाची धातूची पिचकारी सापडली आहे. 1718 साली अमेरिकेच्या किनाऱ्यावर रुतलेल्या, ब्लॅकबिअर्ड या चाच्याच्या क्वीन ॲन्स रिव्हेंज या जहाजावरही कथील मिश्रधातूची तशीच पिचकारी मिळाली आणि तिच्यात पाऱ्याचे अंश आढळले, कारण उपदंशावर त्या वेळी पाराच वापरत असत. कथील मिश्रधातू कमी उष्णतेवर वितळतो आणि साच्यात सहज ओतता येतो, पण तो मऊ असल्यामुळे पिचकारी जरा आपटली तरी नळकांड्याला पोचा येतो, आणि पोचा आलेल्या जागी कोणताही दट्ट्या पाणी अडवू शकत नाही. त्यामुळे पितळाचाच आग्रह धरला. मिस्त्रींनी पत्रा वळवण्याऐवजी भरीव सळई आतून कोरून काढली. ऐतिहासिक पद्धतीपासून एवढी फारकत मी मान्य केली, कारण सांधा नसलेले नळकांडे अखेरपर्यंत एकसारखे गोल राहते. आतला पृष्ठभाग त्यांनी बारीक पॉलिश पेपरने असा घासला आहे, की बोट फिरवले तर लेथच्या हत्याराची एकही रेघ जाणवत नाही. या कामाला पूर्ण गुण दिले पाहिजेत.

मात्र पिचकारीचा जीव दट्ट्यात असतो. अकराव्या शतकाच्या आरंभी निधन पावलेल्या, स्पेनमधील कॉर्डोव्हाच्या अल्-झहरावी या शल्यविशारदाने चांदीच्या किंवा हस्तिदंताच्या मूत्राशय-पिचकारीचे वर्णन करताना नेमके हेच सांगून ठेवले आहे : पोकळीचे माप दट्ट्याने ती बरोबर भरून जाईल एवढेच असावे, म्हणजे दट्ट्या ओढताच द्रव आत येतो आणि ढकलताच बाहेर फेकला जातो. त्याच्याही आधी पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पू ओढून काढण्याच्या आणि द्रव आत सोडण्याच्या ज्या नळीचे वर्णन केले, तिचे सगळे यश याच बसणीवर अवलंबून होते. धातूला धातू इतका नेमका बसवणे त्या कारागिरांना साधत नव्हते, म्हणून दट्ट्यावर चरबीत भिजवलेला दोरा गुंडाळण्याची किंवा चामड्याची चकती बसवण्याची रीत पडली आणि ती एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली.

इथे या कारखान्याचा अनुभव मला विशेष उपयोगी पडला. मिस्त्रींची उमेदीची वर्षे शेतीच्या पितळी फवारणी पंपांची दुरुस्ती करण्यात गेली असल्यामुळे चामडी वायसर (पाणी अडवणारी चकती) म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. मी दिलेल्या आराखड्यात चामड्याच्या दोन सपाट चकत्या होत्या. त्या पाहून ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सपाट चकती ढकलताना पाणी धरंल, पण ओढताना हवा खाईल. दोन वाट्या करू, पाठीला पाठ लावून." हा बदल माझ्या प्रतिकृतीच्या काळानंतरचा असला, तरी पिचकारीच्या इतिहासाला धरून आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पिचकाऱ्यांत अशाच उलटसुलट वाट्या दिसतात. वाटीची कड ज्या बाजूला उघडी असते त्या बाजूचा दाब वाढला, की कड फुगून नळकांड्याला अधिक घट्ट चिकटते; उलट दिशेने मात्र ती दबते आणि हवेला वाट देते. म्हणून एक वाटी ढकलण्यासाठी आणि दुसरी ओढण्यासाठी लागते.

वायसर घडवण्याचे काम मी समोर उभा राहून पाहिले. चामडे कोल्हापुरी चपलेचेच होते, म्हणजे हिरडा आणि बाभळीच्या सालीवर कमावलेले. क्रोमवर कमावलेले चामडे मऊ आणि लवचिक असते, पण वाटीचा आकार दिला तर तो टिकवून ठेवत नाही. सालीवर कमावलेले चामडे ओले असताना साच्यात दाबले आणि तसेच वाळू दिले, की तो आकार कायमचा धरते. मिस्त्रींनी चकती कोमट पाण्यात भिजवली, लाकडी ठोकळ्याच्या खाचेत ठेवली, वरून पितळी गोळा दाबून शिकंज्यात आवळली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला हात लावू दिला नाही. वाळलेल्या वाटीची कड धारदार रापीने तिरपी छाटून, तिला तीळतेल पाजून ती दट्ट्यावर चढवली, तेव्हा टोकावर बोट ठेवून दट्ट्या ओढला तरी तो हाताच्या जोराने वर राहीना. सोडताक्षणी आपोआप खाली ओढला जाई. निर्वात धरून ठेवण्याची याहून सोपी आणि याहून कडक परीक्षा नाही.

आता टोक. यातच कारखाना पहिल्या खेपेला कमी पडला. टोकाचे परीक्षण कसे करावे याची उत्तम कसोटी आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बस्तीच्या (गुदमार्गाने औषधी द्रव देण्याच्या) नळीचे, म्हणजे नेत्राचे, आठ दोष सांगितले आहेत : नळी आखूड असणे, लांब असणे, बारीक असणे, जाड असणे, जुनी होऊन झिजलेली असणे, तिची बांधणी सैल असणे, तिला बाजूला भोक असणे आणि ती वाकडी असणे. सुश्रुतानेही नळी गाईच्या शेपटीसारखी निमुळती, गुळगुळीत आणि गोलाई दिलेल्या मुखाची असावी असे म्हटले आहे आणि पुढच्या भागात एक कर्णिका, म्हणजे उंचवट्याचे कडे, ठेवायला सांगितले आहे. ते कडे नळीला ठरावीक खोलीपलीकडे आत जाऊ देत नाही. त्या काळी दट्ट्याच्या जागी प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी असे आणि दाब हाताच्या मुठीने दिला जाई. पण रुग्णाच्या शरीराला स्पर्श करणारा भाग नळीचे टोकच होता आणि म्हणून सगळी सावधगिरी त्या टोकाविषयी आहे. सुश्रुताच्या वीस नाडीयंत्रांत, म्हणजे नळीसारख्या उपकरणांत, जखम धुण्याचे व्रणयंत्र आणि मूत्राशयासाठीचे उत्तरबस्तियंत्रही येते, हे पाहिले म्हणजे धावनाचा विचार किती स्वतंत्रपणे झाला होता, हे ध्यानात येते.

या कसोटीवर पहिले टोक दोन ठिकाणी नापास झाले. त्याचे आटे नळकांड्यात ढिले बसत होते, म्हणजे सरळसरळ शिथिलबंधन; आणि भोकाच्या आतल्या कडेला ड्रिलची बारीक कात, म्हणजे धातूची उरलेली खरखरीत कड, राहिल्यामुळे पाण्याची धार दोन फाट्यांत फुटत होती. दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही लागत नाही. तीन मिलिमीटरच्या भोकातून पाणी सोडून, समोर काळा कपडा धरून धार पाहिली, तेव्हाच तो कळतो. नळकांड्याचे क्षेत्रफळ या भोकाच्या शंभर पट असल्यामुळे दट्ट्या सेकंदाला एक सेंटिमीटर सरकला, की धार सेकंदाला एक मीटर वेगाने निघते, आणि अशा वेगात केसाएवढी कातही धार वाकवते. मिस्त्रींनी वाद न घालता टोक परत घेतले, नवे आटे पाडले, भोक रीमर या भोक गुळगुळीत करणाऱ्या हत्याराने साफ केले, मुखाला गोलाई दिली आणि मी मागितलेले कडेही जागच्या जागी ठेवले. दुसरे टोक निर्दोष आहे. बाजूला भोके असलेले एक टोक मी मुद्दाम वेगळे करून घेतले, कारण अल्-झहरावीच्या मूत्राशय-पिचकारीच्या नळीला एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशी तीन भोके आहेत. चरकाने जो दोष मानला, तो तिथे हेतुपूर्वक केलेला गुण आहे : बस्तीत बाजूचे भोक द्रव नको तिथे सोडते, मूत्राशयात मात्र तो चहूकडे पसरवते.

कानाच्या पिचकारीची दुरुस्ती तुलनेने सोपी होती. दट्ट्यावरचे जुने चामडे दगडासारखे कडक होऊन पितळाला चिकटले होते. ते खरवडून काढून नवे बसवले आणि निकेलचा मुलामा जिथे उडाला होता तिथे तसाच राहू दिला, हे उत्तम झाले. या पिचकारीची तीन कडी म्हणजे रचनेतील मोठी सोय आहे : दोन बोटे नळकांड्याच्या कड्यांत आणि अंगठा दट्ट्याच्या कड्यात घातला, की एका हाताने पिचकारी पूर्ण चालते आणि दुसरा हात कानाचा बाहेरचा भाग वर आणि मागे ओढून कानाचा मार्ग सरळ करायला मोकळा राहतो. पाणी शरीराच्या उष्णतेचेच हवे, हेही विद्यार्थ्यांनी या पिचकारीवरूनच शिकावे. व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी यांनी कान धुताना रुग्णांना येणारी चक्कर पाण्याच्या थंड-गरमपणाशी जोडली आणि अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या त्या अभ्यासाला 1914 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

असे असले तरी यांपैकी कोणतीही पिचकारी रुग्णावर वापरू नये, हे मी स्पष्टपणे लिहितो. लेथवर सहज कापले जाणारे पितळ घेतले, तर त्यात साधारण तीन टक्के शिसे मिसळलेले असते. त्याहून मोठी अडचण चामड्याची आहे, कारण सालीवर कमावलेले चामडे सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या पुढे आकसते आणि उकळले की निकामी होते. चेंबरलँडने 1879 साली ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील वाफेने उपकरणे निर्जंतुक करणारे पात्र, तयार केल्यावर, जे उपकरण वाफेत टिकत नाही ते शस्त्रक्रियागृहात राहू शकत नाही, हे ठरून गेले. चामड्याचा दट्ट्या त्यामुळेच मागे पडला आणि त्याची जागा घासून बसवलेल्या धातूच्या दट्ट्याने, 1890 च्या दशकातील ल्यूअरच्या संपूर्ण काचेच्या पिचकारीने आणि रबराने घेतली. कान धुण्याच्या बाबतीत तर ब्रिटनच्या नाइस या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने 2018 साली हाताने चालवायची पिचकारी प्रौढांसाठी वापरू नये अशी सूचना दिली, कारण अंगठ्याचा दाब मोजता येत नाही आणि ढिले टोक सुटून कानात घुसू शकते.

सेवेबद्दल थोडे. काम सांगितलेल्या मुदतीत मिळाले नाही. गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाल्यावर ऊस पिळण्याच्या चरकांचे शाफ्ट आधी आणि माझी पिचकारी नंतर, असा क्रम लागला, आणि त्याबद्दल आधी कल्पना दिली गेली असती तर बरे झाले असते. पितळ, मजुरी आणि दोन जादा टोके धरून खर्च साडेतीन हजारांच्या आत राहिला. कामाची सफाई पाहता मला तो रास्त वाटतो. ज्या महाविद्यालयांना अशी प्रतिकृती हवी असेल, त्यांनी नळकांड्याचा आतील व्यास, दट्ट्याची चाल आणि टोकाच्या भोकाचे माप कागदावर लिहून द्यावे, सळई शिसेविरहित पितळाची मागावी, धार पाहिल्याशिवाय टोक ताब्यात घेऊ नये आणि चामड्याच्या दोन वाट्या जादा करून घ्याव्यात, कारण महिनाभर पिचकारी कोरडी राहिली की वाटीची कड आक्रसते आणि तिला पुन्हा तेल पाजून रात्रभर मुरू द्यावे लागते.